पान मी पाहिले होते

बेसा, नागपूर
दि. ११ जानेवारी २०२६, रविवार

प्रिय प्रेमानंद,

सप्रेम जय भीम. कांता वहिनींना जय भीम आणि पायलला आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. थंडी यंदा चांगलीच पडली. आमच्या घरामागे आणखी एक सात मजली इमारत उभी राहिली, त्यामुळे सकाळचे ऊन आता नऊ वाजल्यावर अंगणात येते. घरचीचे गुडघे दुखतात, पण चालती फिरती आहे. तुमच्याकडे धानाची चुरणी आटोपली असेल. बांधीतली शेती यंदा तू स्वतः केलीस की भावाकडेच होती, ते कळव. पायलचा नर्सिंगचा निकाल लागला का?

फोन असताना पत्र कशाला, असे तुला वाटेल. तू डिसेंबरात मला अकरा वेळा फोन केलास. मी एकदाही उचलला नाही. एकदा तर मोबाइल हातात धरून तुझे नाव विझेपर्यंत पाहत बसलो होतो. कोर्टात होतो, गाडीवर होतो, असे काहीही सांगता आले असते. मी घरी बसलो होतो, आणि हाताला काही काम नव्हते.

यातले बरेच तुला ठाऊक आहे, तरी क्रमाने लिहितो, कारण हे पत्र तुझ्याशिवाय आणखी एका बाईंना वाचावे लागेल. त्या कोण ते पुढे येईल.

वर्धा रोडच्या त्या गोदामाच्या गेटवर तू चौदा वर्षे रात्रपाळी केलीस. कंपनीने कॅमेऱ्यांना नवी सिस्टीम जोडली आणि पाच महिन्यांत तिने तुझ्या नावावर सत्तावीस वेळा ‘ड्यूटीवर झोप’ असे लिहिले. चौकशी वीस मिनिटांची झाली. मार्च २०२४ मध्ये तुला काढले. तू सरळ माझ्याकडे आलास, कारण मी धरमपेठेत वामनराव वकिलांच्या ऑफिसात चोवीस वर्षांपासून मुन्शी. तू म्हणालास, “हंसराज, नोकरी गेली तं गेली. पण झोपणारा चौकीदार हे नाव घिऊन मी गावात कसा राहू गा? बाकी काही नको मले, एवढं पुसून दे.”

मी म्हणालो, “देतो.”

तोवर वामनराव साहेबांनी काम सोडले होते. पक्षाघातानंतर ते घरीच असतात. ऑफिस त्यांचा मुलगा पुष्कर पाहतो. मुलगा वाईट आहे असे मी आजही म्हणणार नाही. मला ‘काका’ म्हणतो. त्याने ऑफिसात एक सॉफ्टवेअर आणले. चार ओळी सांगितल्या की ते पूर्ण अर्ज लिहून देते, खाली निवाडे जोडते, मराठीत म्हटले तर मराठीत. मी दोन दिवस घासून जे लिहायचो ते चार मिनिटांत, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा बरे. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका साहेब शेवटपर्यंत लाल पेनने काढायचे. मशीनची एकही निघाली नाही. हे मला जास्त लागले.

माझे टेबल प्रिंटरला दिले. मी दाराजवळच्या बाकावर आलो, जिथे पक्षकार चपला काढतात. एखाद्या म्हाताऱ्याने “मुन्शीजी, तारीख कधी हाय?” म्हणून विचारले की पुष्कर आतून ओरडायचा, “काकांना नका विचारू बाबा, ॲपवर दिसते ना!” म्हातारा माझ्याकडे पाहायचा, मी भिंतीकडे.

एक काम तेवढे माझ्याकडे राहिले होते. वामनराव साहेबांचा नियम होता की मुन्शीने स्वतः पान पाहिल्याशिवाय कोणताही निवाडा टेबलावर येऊ द्यायचा नाही. मी बार लायब्ररीत जायचो, रिपोर्टचा खंड काढायचो, पानात कागदाची चिठ्ठी घालायचो आणि यादीवर लिहायचो, ‘पाहिले, ह. ग.’ पुष्करने तो नियम मोडला नाही. आठवड्यातून एकदा यादी माझ्या हातात द्यायचा, “काका, तेवढं बघून घ्या,” म्हणायचा. लहान पोराला कामात गुंतवून ठेवावे तसे मला वाटायचे.

आता तुझ्या केसचे.

कंपनीने ती सत्तावीस नोंदींची यादी कोर्टात दिली, तारीख आणि वेळेसकट. तिची एक प्रत मी घरी आणली आणि पेन्सिल घेऊन बसलो. दहाव्या नोंदीवर पेन्सिल थांबली. वेळा पाहा: ५.३०, ५.२९, ५.३१, पुन्हा ५.३०. सगळ्या सत्तावीस नोंदी पहाटे साडेपाचच्या आसपास, आणि कोणतीच तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही. झोपणारा माणूस घड्याळ लावून तीन मिनिटे झोपतो का? मी तुला फोन केला. विचारले, साडेपाचला तू गेटवर काय करतोस? तू म्हणालास, “वंदना करतो ना गा. तोंड धुतो, पूर्वेकडे तोंड करून खुर्चीत बसतो, हात जोडतो, डोळे मिटतो. त्रिशरण, पंचशील. झालं.” आणि हसायला लागलास. “म्हणजे मशीनले वंदना झोप वाटली का बे?”

मीही हसलो होतो. सुटलास, असे मला त्या दिवशी वाटले होते.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद पुष्करला दाखवला. त्याने पाहिला, उडवून लावला असे नाही. म्हणाला, “इंटरेस्टिंग आहे काका. पण कंपनी म्हणेल ड्यूटीवर पूजा कशाला करत होता. धर्माचा मुद्दा आणला की जज लोकं सावध होतात. आपल्याला गरजच नाही ना! दोन तगडी रूलिंग्ज मिळाली आहेत, माणसाने तपासल्याशिवाय मशीनच्या नोंदीवर कामावरून काढता येत नाही असं सरळ म्हटलंय.” आणि ती दोन नावे मला वाचून दाखवली. ऐकायला इतकी छान होती की ती आपल्यासाठीच लिहिली असावीत असे वाटले.

मी म्हणायला हवे होते की साहेब, ही पूजा नाही, आणि ड्यूटी सोडून केलेली नाही. चोवीस वर्षे त्या ऑफिसात काढली, पण सकाळी मी स्वतः काय म्हणतो हे तिथे कधी कोणाला सांगितले नव्हते. त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्या दिवशीही गप्प बसलो. कागद घडी करून पिशवीत टाकला.

युक्तिवाद ३ डिसेंबरला होता. दोन दिवस आधी यादी घेऊन मी लायब्ररीत गेलो. तिथले चंपतराव मला पाहून उभेच राहिले. “ये बा हंसराज! मले वाटलं मशीननं गिळलं तुले. धूळ बसली ना गा खंडाइवर, तूच एक वाचणारा होता.” मी पहिला खंड काढला. जे पान लिहिले होते तिथे एका दुकानाच्या भाड्याचा वाद होता. मला वाटले, वर्षाची चूक असेल. मागचे-पुढचे खंड काढले. नाही. दुसऱ्या निवाड्याचे पान सहाशे बारा दिले होते आणि तो खंड पाचशे ऐंशीलाच संपत होता. चंपतरावांनी त्यांच्या कॉम्प्युटरवर दोन्ही नावे टाकून पाहिली. म्हणाले, “असे निवाडे नाहीच बापा. कोणं देल्ले तुले?”

मी म्हणालो, “लिहिण्यात चूक झाली असेल.”

पुढचे लिहायला मला चार दिवस लागले. बुधवारी इथवर लिहून कागद ठेवून दिला होता. आज वरची तारीख बदलून पुन्हा बसलो आहे.

लायब्ररीच्या पायऱ्या उतरताना मला आनंद झाला, प्रेमानंद. अंगात ऊब यावी तसा आनंद. मला वाटले, आता कळेल. भर कोर्टात समोरचा वकील उठेल, जज चष्म्यावरून पाहतील, पुष्करचे तोंड उतरेल, आणि दुसऱ्या दिवशी तो बाकाजवळ येऊन म्हणेल, काका, तुम्ही होतात म्हणून चालत होतं. हे सगळे मी पायऱ्यांवरच पाहून घेतले. त्यात तू कुठे होतास? मी स्वतःला सांगितले की फार तर एक तारीख पुढे जाईल, तोवर आपला साडेपाचचा मुद्दा मांडता येईल. खालच्या पायरीवर तुझा विचार एवढाच आला.

संध्याकाळी पुष्करने केबिनमधून विचारले, “काका, पाहिलं ना दोन्ही?”

मी म्हणालो, “हो साहेब.” आणि यादीवर लिहिले, ‘पाहिले, ह. ग.’

हेच सांगायचे होते. मशीनने चूक केली, पुष्करने आळस केला, पण पान मी पाहिले होते.

पुढचे तुझ्यासमोर झाले. कंपनीच्या वकील बाई उठल्या आणि म्हणाल्या की हे दोन्ही निवाडे अस्तित्वातच नाहीत, तसे लायब्ररीचे पत्र माझ्याकडे आहे. जज पुष्करकडे पाहत राहिले. त्याने घाम पुसला आणि म्हणाला, “सर, माझ्या मुन्शीने पडताळले होते.” ते खरे होते. त्या खोलीत त्या दिवशी एवढे खरे दुसरे कोणी बोलले नाही, आणि त्याच्यावर एकाचाही विश्वास बसला नाही.

सगळ्यात कमी तुझा. बाहेर आल्यावर व्हरांड्यात तू त्याला अडवलेस. मी खांबाजवळ फाइल धरून उभा होतो.

“वकीलसाहेब, चूक तुमची न् नाव याचं काहून घेता?”

“अहो, मी विचारलं होतं काकांना!”

“हंसराज मरन, पण असं करन नाही. एका पाटीवर शिकलो आम्ही. सांग गा हंसराज, याच्या तोंडावर सांग!”

मी फरशीकडे पाहत होतो. लोक जमले होते. तू माझ्याकडे पाहिलेस आणि तुझा आवाज एकदम खाली आला. “पाहा,” तू लोकांना म्हणालास, “नोकरीच्या भेवानं बोलत नाही बिचारा.”

मग मला हाताला धरून टपरीवर नेलेस आणि चहा पाजलास. “तू काहून जीव जाळतं गा,” म्हणालास, “तू तरी काय करशीन.” मी तो चहा प्यायलो.

निकाल १९ डिसेंबरचा. अर्ज फेटाळला. निकालात लिहिले आहे की अर्जदाराला सत्तावीसपैकी एकाही नोंदीचा खुलासा करता आला नाही, आणि त्याच्या बाजूने बनावट निवाडे दाखल झाले. ‘बनावट’ हा शब्द आता तुझ्या नावाच्या कागदावर आहे. खुलासा माझ्या पिशवीत होता.

त्या दिवसापासून कोर्टात माझा मान वाढला आहे, यावर तुझा विश्वास बसेल? गरीब मुन्शीच्या डोक्यावर खापर फोडणारा श्रीमंत बापाचा पोरगा, ही गोष्ट सगळ्यांना आवडली. ज्यांनी कधी ओळख दाखवली नाही ते वकील मला खुर्ची देतात. कोणीतरी पुष्करविरुद्ध तक्रारही केली, त्याची सनद जाईल म्हणतात. मी मान हलवत राहिलो.

पुष्करने सॉफ्टवेअर कंपनीला रागाने लिहिले. त्यांचे उत्तर आले की पडताळून घ्यावे अशी सूचना प्रत्येक पानाखाली दिलेली आहे. होती, मुंगीएवढ्या अक्षरात. गोदामाच्या मॅनेजरनेही साक्षीत हेच केले होते, तुला आठवत असेल. झोप कोणी ठरवली? सिस्टीमने. सिस्टीमला कोणी शिकवले? बाहेरच्या कंपनीने. मग कोणा माणसाने पाहिले का? तसा नियम नाही साहेब. नियम होणार आहेत म्हणे. होतील. झाले की त्यात लिहिलेले असेल की शेवटी एका माणसाने पान पाहावे. इथे माणसाने पान पाहिले होते आणि काय झाले, ते तू आता जाणतोस.

मशीनवर मला कितीतरी लिहिता येईल, आणि ते लिहिताना बरे वाटते, म्हणून थांबतो.

मागच्या रविवारी वहिनींचा फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता म्हणून उचलला. त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, ते सकाळचे बसतच नाहीत आता. मी म्हणते बसा, तं म्हणतात डोये मिटले की कोणी पाहून राहिलं असं वाटते. वरच्या कोर्टात जायचं नाव काढलं की उठून बांधीत चालले जातात. तुम्ही तरी समजवा ना! तुमचंच ऐकतात ते.”

मी “बरं” म्हणालो. सत्तावीस वेळा खोटी नोंद झाली तेव्हाही तुझी वंदना थांबली नव्हती. माझ्या एका ‘पाहिले’ने थांबली.

माझी थांबलेली नाही. रोज बसतो. चौथ्या, खोटे न बोलण्याच्या शीलापर्यंत नीट म्हणतो, तिथे आवाज बसतो. घरचीला वाटते घशाचे काही आहे, ती मिठाचे पाणी करून देते. ते पाणी पिऊन मी कामाला लागतो.

वहिनींच्या फोननंतर मी मयुरा मॅडमकडे गेलो. या कामगारांच्या केसेस चालवतात, तरुण आहेत, सरळ आहेत. त्यांना सगळे सांगितले. चोवीस वर्षांत मला कोणत्याच वकिलाने असे पाहिले नव्हते, म्हणजे किळस येऊन. मग त्यांनी वही काढली. म्हणाल्या, “वर दाद मागायला अजून वेळ आहे. वेळांचा मुद्दा रेकॉर्डवरच आहे, यादी कंपनीनेच दिली आहे. पण खाली तो का मांडला नाही आणि बनावट निवाडे कसे आले, हे सांगणारं कोणीतरी पाहिजे. तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. पूर्ण. स्वतःला वाचवणारं एकही वाक्य नको.”

ते दिले तर तुझी केस नव्याने उभी राहू शकते, असे त्यांना वाटते. खात्री देत नाहीत.

आणि ते दिले तर पुष्करही सुटतो. महिनाभर मला अडवले होते ते यानेच. लाज होतीच, पण लाजेने माणूस महिनाभर गप्प राहत नाही. माझ्या एका सहीने सिद्ध होणार होते की पुष्कर खरे बोलत होता, त्याने विचारले होते, मी फसवले होते. त्याची सनद राहील, ऑफिस राहील, टेबलावर प्रिंटर राहील. ज्याला पाडायला मी तुला पायाखाली घातले, त्याला वर काढल्याशिवाय तुला काढता येत नाही. मी दोन्ही पारड्यांत पाहत बसलो होतो, प्रेमानंद. महिनाभर. तू अकरा वेळा फोन केलास तेव्हाही तेच पाहत होतो.

शुक्रवारी मी पुष्करच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्याने सांगितले. मला वाटले, ओरडेल. तो ओरडला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. म्हणाला, “थँक यू काका. मला वाटायला लागलं होतं की मी विचारलंच नव्हतं.” मग खुर्चीत टेकला, आणि लगेच म्हणाला, “कधी देता? सोमवारी तक्रारीवर माझं उत्तर द्यायचं आहे. ड्राफ्ट मी करून देऊ का? दोन मिनिटांत होईल.”

मी म्हणालो, “मी हाताने लिहिले आहे.”

किल्ल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या आणि निघालो. वामनराव साहेबांना भेटायची हिंमत झाली नाही.

काल शनिवारी प्रतिज्ञापत्रावर शपथ घेऊन सही केली. ते मयुरा मॅडमकडे आहे, आणि हे पत्रही त्या वाचतील. माझ्यावर काय कारवाई होते ते पाहू. ते आता तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही, म्हणून तू मला माफ कर, असे मी लिहीत नाही. तू केलेस तर मला ते पेलणार नाही, आणि केले नाहीस तर त्यात तुझी चूक नाही.

सोबत वकालतनामा पाठवतो. तीन ठिकाणी पेन्सिलने खुणा केल्या आहेत, तिथे सही कर आणि पायलच्या हाती मयुरा मॅडमकडे पाठव. पत्ता मागे लिहिला आहे. मुदत फार नाही, या महिन्यातच पाठव. माझ्यासाठी नको. निकालात तुझ्या नावापुढे जो शब्द लागला आहे तो तुझा नाही, एवढ्यासाठी कर. त्या वेळी मुद्दा आम्ही लपवला. आता तो तूच मोठ्याने सांग. साडेपाच वाजता मी माझ्या खुर्चीत, गेटवर, हात जोडून बसलो होतो, असे सांग. विचारतील तर पुन्हा सांग.

वहिनींना हे वाचून दाखव. त्यांना मी “बरं” म्हणालो होतो, त्याचे हे उत्तर. पायल मला काका म्हणते, तिलाही वाचू दे, तिने कोणाकडून तरी ऐकण्यापेक्षा.

गावात मी येणार नाही. तू बोलावल्याशिवाय नाही.

हे पत्रही कोर्टात लावायचे असेल तर लाव. त्यासाठी खाली नाव पूर्ण लिहितो.

हंसराज धोंडबा गजभिये
वय ४९, राहणार बेसा, नागपूर
धंदा : परवापर्यंत मुन्शी